लूम गेले आणि घर हळू बोलायला लागलं

मी तोंडाची फटकळ. माहेरी पडघ्याला सगळे म्हणायचे, हिच्या सासरच्यांनी आधीच कानात बोळे घालून ठेवावेत. आणि गंमत बघा, मला सासर मिळालं ते असं की तिथं माझा आवाज कुणाला ऐकूच जाईना. भिवंडीच्या कडेला, अंजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. घराच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये कापड विणायचे सहा लूम, आणि सकाळी सात वाजल्यापासून खटाखट, खटाखट. भिंतीवरच्या मांडणीतली भांडीसुद्धा दिवसभर थरथरत असायची. पहिला आठवडा मी डोकं धरून काढला.

लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी शेडच्या दारात उभी राहून सासऱ्यांना जेवायला हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा असं ओरडले की घसा खरवडून निघाला, पण कुणी ढुंकून बघेना. शेवटी दाराजवळच्या लूमवरचा यूपीचा कामगार हसत म्हणाला, "भाभी, सामने आके बोलो." तो आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाला आणि मला ते कळलं, याचंच मला जास्त नवल वाटलं. सासरे लूम थांबवून माझ्याकडे आले. त्यांनी दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे नेली, मग माझ्या तोंडाकडे दाखवली.

शेडची ती रीतच होती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापर्यंत चालत जायचं, खांद्याला हात लावायचा, त्याची मान वळली की समोर तोंड करायचं आणि ओठ नीट हलवायचे. आवाज लावायचाच नाही, कारण त्या गोंगाटात तो जातो कुठं? वर्षभरात मी तयार झाले. चार लूम पलीकडून सासरे काय मागतायत ते मला कळायचं. पाहुण्यांसमोर नवऱ्याशी बिनआवाजाचं भांडणही करता यायला लागलं, आणि पाहुणे बिचारे समोर बसून चहा पीत असायचे.

ती सवय शेडमधून घरातही आलेली होती. आमच्याकडे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कुणी हाक मारत नसे. काही सांगायचं तर उठा, जा, समोर उभे राहा, मग सांगा. मला सुरुवातीला वैताग यायचा. साधं मीठ कुठं ठेवलंय विचारायला अंगण ओलांडायचं म्हणजे काय? भांडायला जातानाही तेच, तिथवर पोचेपर्यंत माझा निम्मा राग वाटेतच सांडायचा. पण त्या घरात मोठी भांडणं फारशी झाली नाहीत, हेही खरं.

मग दोन हजार सालानंतरच्या मंदीत लूम गेले. सूत महाग, कापडाला उठाव नाही, त्यात लोडशेडिंग. आमच्या गल्लीतल्या निम्म्या शेड बंद पडल्या. आमचे सहा लूम सुटे करून टेम्पोत चढवले, भंगारवाल्याकडे गेले. सासरे, म्हणजे आमचे बाबा, पोरवयापासून लूमवर उभे राहिलेले. टेम्पो जाताना ते शेडच्या दाराची चौकट धरून उभे होते. आत येऊन ते नवऱ्याला म्हणाले, "बरा झाला. शांत झाला घर." आम्हाला वाटलं, जिवाला समजावतायत.

नवऱ्याला जवळच्या गोदामात सुपरवायझरची नोकरी लागली. शेडला चुना मारला, खाली फरशी घातली आणि तिचा लांबलचक हॉल केला. हॉलमध्ये रंगीत टीव्ही आला. सोफा आणि खुर्च्या एका रांगेत, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. खोटं कशाला बोलू, ती रांग मीच लावली होती. इतकी वर्षं गोंगाटात काढल्यावर संध्याकाळी पाय पसरून मालिका बघायची, यापरतं सुख नव्हतं. मला आणखी एक सुख सापडलं होतं. आता कुठूनही हाक मारता येत होती. भाजी ढवळता ढवळता विचारायचं, टीव्हीवरून नजर न काढता सांगायचं. नवऱ्याला गोदामातून मोबाइल मिळाला, तो त्याच्या कानाला चिकटला तो चिकटलाच. लेक तेव्हा पाचवीत होती, तिची कार्टूनं संपली की माझ्या मालिका सुरू व्हायच्या. कुणी कुणाचं तोंड बघायची गरजच उरली नाही.

बाबा रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसायचे. हळूहळू ते बोलेनासे झाले. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "बाबा, चहा घेता?" उत्तर नाही. नेऊन दिला की मुकाट्याने घ्यायचे. "बाबा, पंखा वाढवू?" उत्तर नाही. नवरा म्हणायचा, "जाऊ दे गं, लूम गेल्याचं मनाला लागलंय त्यांच्या." शेजारपाजारचेही मान डोलवायचे. त्यांच्याही घरात कुणी ना कुणी म्हातारा असाच गप्प झालेला होता, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही. पण एक आठवडा रुसणं वेगळं आणि वर्षभर रुसणं वेगळं. मी काय त्यांचे लूम विकले होते? मला आतून चीड यायला लागली.

त्यातून एक गोष्ट मला फार टोचायची. दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं की टीव्ही बंद. हॉलवर पत्रे, आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, म्हणून आम्ही घरासमोरच्या ओट्यावर येऊन बसायचो. लेकीला सुट्टी असली की ती बाबांच्या समोर मांडी घालून बसायची. मी कोलंबी सोलत असायची. तिथं मात्र बाबांची गाडी सुसाट सुटायची. खाडीत लहानपणी कसे बुडता बुडता वाचले, कुठल्या शेटने कसं फसवलं, एकेक सुरू. माझ्याकडे बघून लेकीला म्हणायचे, "तुझ्या आयशीला अजून कोलंबी सोलता येत न्हाय. पडघ्याच्या पोरी, त्यांना चिंबोरीची नांगी दाखवली तर पळतील." मी म्हणायची, "पळाले असते तर तुम्हाला जेवायला कोण घातलं असतं?" लगेच उत्तर यायचं. मग लाईट यायची, सगळे आत पळायचो, आणि बाबा शेवटच्या खुर्चीवर जाऊन पुन्हा दगड.

मी नवऱ्याला म्हणायची, "बघितलं? लाईट गेली की बोलतात, लाईट आली की मौनव्रत. टीव्हीवर राग आहे, दुसरं काय!" इथपर्यंत मी बरोबर आले होते हो. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर कळलं असतं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली मी.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम बाबांसाठी ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं. त्यांना ते फार आवडायचं. मालिका रंगात आली होती. मी टीव्हीकडे बघत विचारलं, "बाबा, बोंबलाचं केलंय, गरम गरम वाढू का?" काही नाही. पुन्हा विचारलं, "बाबा, तुमच्यासाठी केलंय हो." काही नाही. तिसऱ्यांदाही विचारलं. तेवढ्यात जाहिराती लागल्या, आणि माझं डोकं असं फिरलं की मी अख्खी वळले, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हणाले, "मूग गिळून बसायचं असेल तर आमच्यात बसता कशाला? नसेल पटत इथं, तर जा जिथं बरं वाटेल तिथं!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. उठून आत गेले, दोन घास खाल्ले, ताटात बोंबील तसेच राहिले. जाहिराती संपल्या आणि मी पुढची मालिका बघितली. हे लिहिताना आजही माझी मलाच लाज वाटते, पण बघितली, हे खरं.

सकाळी उठून बघते तर बाबा पिशवी भरून ओट्यावर उभे. पिशवीत दोन सदरे, दोन लेंगे. नवऱ्याला म्हणाले, "बहिणीकडं ऱ्हातो जरा." त्यांची बहीण, आमच्या आत्या, दिघाशीला राहते. नवरा विचारतोय, किती दिवस, कशासाठी, पण बाबा पाठ फिरवून चालायलाही लागले होते. नवऱ्याने धावत जाऊन आपला जुना मोबाइल त्यांच्या पिशवीत घातला. हिरवं बटण दाबायचं, कानाला लावायचं, एवढं दाखवलं.

तीन दिवस मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "तू असं बोललीस बाबांना? कधी?"

"तुमच्यासमोर. तुम्ही सोफ्यावर होतात, माझ्या शेजारी."

त्याने हातातला मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाला, "मी फोनवर होतो."

पुढच्या आठवड्यात आत्यांचा निरोप आला. बाबांनी तिथल्या पडवीत स्वतःच्या हाताने खाट टाकली होती आणि बहिणीला सांगितलं होतं, आता मी इथंच. परत जायचा विषय काढला की उठून शेताकडे जात होते. गावात कुजबुज सुरू झाली होती, सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं. लोकांच्या बोलण्याला मी एरवी भीक घालत नाही. पण हे खरं होतं, त्याला काय करणार? लग्न झाल्यापासून त्या माणसाने मला कधी एका शब्दाने दुखवलं नव्हतं. मला आई नव्हती, बाप लवकर गेलेला. सासूबाईही लग्नाआधीच गेलेल्या. मला त्या घरात ज्यांनी बोलायला शिकवलं, त्यांनाच मी जा म्हटलं होतं. ते परत आले नाहीत तर मी त्या घरात कोणत्या तोंडाने राहणार होते?

मी फोन करायला लागले. रोज दुपारी. ते उचलायचे, आणि मी काही बोलायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं, "हां, बरा हाय, बरा हाय." मी विचारायची, जेवलात का? "हां, बरा हाय." पाय दुखतो का? "हां, हां. तिकडं समदा बरा ना? ठेव मग." आणि फोन बंद. दिवसेंदिवस हेच. एक दिवस मी सगळा धीर गोळा केला आणि म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. रागावू नका, घरी या." पलीकडून आवाज आला, "हां, बरा हाय. पोरगी बरी हाय ना?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. अरे, माणूस नाक घासतोय आणि तुम्ही दाद देत नाही? मी ओरडले, "मग आता काय करू? घराला काडी लावू का?"

"हां, हां," बाबा शांतपणे म्हणाले. "बेस हाय. लाव."

मी फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघतच राहिले. आधी हसू फुटलं. मग ते हसू अर्ध्यातच थांबलं. मी पुन्हा फोन कानाला लावला आणि साधं विचारलं, "बाबा, मी कोण बोलतेय?" ते म्हणाले, "बरा हाय गो, ठेवतो."

लेक तिथंच गृहपाठ करत बसली होती. मी तिला म्हटलं, "अगं, बाबांना ऐकू येत नाही वाटतं." तिने वहीतून मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पाचवीत आहे. "फोनवर कसं येईल? त्यांना तोंड दिसायला नको का? आई, तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच नव्हतं. आता सांगते तेव्हा लोक म्हणतात, घरातला माणूस बहिरा झाला आणि वर्षभर कळलं नाही, असं कसं? पण आमच्या घरांत असंच होतं. जिथं सगळेच ओठ बघून बोलतात, तिथं कुणाला ऐकू येत नाही हे कळायचं तरी कसं? बाबांचे कान लूमपुढे कधी गेले, दहा वर्षांपूर्वी की वीस, देव जाणे. लूम चालू होते तोवर काही अडलं नाही. आवाज बंद झाला, आम्ही तोंडं टीव्हीकडे वळवली, आणि त्यांचं ऐकणं संपलं. फोन ते उचलायचे तोही खिशात थरथरायचा म्हणून. वर्षभर मी प्रेमाने विचारलं ते सगळं टीव्हीच्या दिशेने. चहा, पंखा, बोंबील. त्या हॉलमध्ये त्यांच्याकडे तोंड करून बोलले ते एकच वाक्य, आणि तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं. त्या दुपारी मी पदर तोंडात धरून रडले. लेक घाबरली, तिने पाणी आणून दिलं.

रविवारी नवरा म्हणाला, मीही येतो. मी म्हटलं, "नको. जिभेनं केलं तिनंच निस्तरायचं." एकटी एस.टी.ने निघाले आणि उतरून पुढे पायी गेले. आत्यांच्या अंगणात बाबा खाटेवर बसून काथ्याची दोरी वळत होते. आत्या शेजारी तांदूळ निवडत होत्या. मी फाटकाशी उभी राहिले. हाक मारली नाही. ते वर बघेपर्यंत मी तशीच थांबले. त्यांनी बघितलं, त्यांचे हात थांबले. आणि तिथूनच, आवाज न काढता, ओठ नीट हलवत मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. मला माफ करा."

आत्या एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे बघतायत, त्यांना काही पत्ता नाही. बाबांनीही आवाज न काढता विचारलं, "बस मिळाली का लगेच?" एवढंच. मी फाटक उघडून आत गेले आणि त्यांच्या पायाशी बसले.

मग ते आवाजात बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, दोरी वळत. "एक सांग मना. लूम गेल्यापासून तुमी समदे हळू हळू का बोलता?"

"हळू?"

"तोंडं तिकडं करून, आपसात, हळू हळू. मना वाटला, आता मी काय कामाचा न्हाय. शेड विकायची असंल, न्हायतर मना कुठं धाडायचा असंल. म्हातारा ऐकंल म्हणून हळू बोलता. मीबी मग काय इचारला न्हाय. कुणी आपल्यापासून लपवतो, त्याला काय इचारायचा?"

मी त्यांचा हात धरला, त्यांना माझ्याकडे बघायला लावलं. "बाबा, मी हळू बोलते? माझा आवाज पडघ्यापर्यंत जातो!"

"मंग?"

हे मात्र माझ्याने बोलवेना. मी उठले, आत्यांच्या स्वयंपाकघरातून पितळी परात आणि लाटणं घेऊन आले, बाबांच्या मागे गेले आणि लाटण्याने तिच्यावर असा दणका घातला की झाडावरचे कावळे उडाले. आत्या दोन्ही हात कानांवर ठेवून ओरडल्या. बाबा दोरी वळत होते. बहिणीचे कानांवरचे हात बघून मात्र ते थांबले. मान वळवली, माझ्या हातातली परात बघितली, लाटणं बघितलं. पुन्हा बहिणीकडे बघितलं.

त्यांनी दोरी खाली ठेवली. मग ते म्हणाले, "आनी मी बोलतोय, लूम गेले, घर शांत झाला."

आत्या डोळ्याला पदर लावून बसल्या. मीही. बाबाच हसायला लागले. म्हणाले, "रडता काय? परात चेपली बघा." परात खरंच चेपली होती. ती आत्यांनी नंतर मला नवीन आणायला लावली.

यायला ते लगेच तयार झाले, पण निघताना माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "माझ्यासाठी टीव्ही बंद नको करू. पोरीला बघू दे, तुझ्याबी मालिका बघ. माझ्याशी बोलताना तेवढा माझ्याकडं बघ." त्यांनी माझ्याकडून एवढंच मागितलं. मी हो म्हटलं. ते इतकं अवघड जाईल हे मला तेव्हा वाटलं नव्हतं.

घरी आल्या आल्या मी ती रांग मोडली. टीव्ही कोपऱ्यात सरकवला, खुर्च्या गोलाकार मांडल्या. टीव्ही बघायचा तर मान वळवावी लागेल आणि माणूस बघायला वळवावी लागणार नाही, अशा. जेवताना टीव्ही बंद. नवऱ्याचा मोबाइल जेवणाच्या वेळी दाराजवळच्या फळीवर. हे शेवटचं नवऱ्याच्या गळी उतरवताना नाकी नऊ आले. "गोदामातून फोन आला तर?" येऊ दे. "ट्रक अडकला तर?" अडकू दे, अर्ध्या तासात तो काय म्हातारा होतो? पहिले चार दिवस नवरा घास तोंडात घेऊन फळीकडे बघत बसायचा. आणि मी? मी दुसऱ्यांना शिकवत होते, पण माझी मालिका जेवणाच्या वेळेवरच यायची. तिचे दोन आठवडे चुकले तर मी घरभर भांडी आपटली. लेकीनेच मग सांगितलं, आई, सकाळी तेच पुन्हा दाखवतात.

दंड बाबांनी काढला. जो समोरच्याकडे न बघता बोलेल, त्याने उठून सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. पहिल्या महिन्यात घरात इतकं पाणी प्यायलं गेलं की विचारू नका. सर्वांत जास्त तांबे नवऱ्याने भरले, त्याच्या खालोखाल मी. फोडणी टाकताना चुकून तोंडातून जायचं, "बाबा, कोथिंबीर..." की लेक हॉलमधून आनंदाने ओरडायची, "आई, पाणी!" मी म्हणायची, "तू तरी कुठं माझ्याकडे बघून बोललीस? तूच आण." मग तीही आणायची.

पुढे कानाचं यंत्रही आणलं. कुकरच्या शिट्टीला बाबा इतके दचकले की पहिल्या दिवशी ते काढूनच ठेवलं. हळूहळू सवय झाली. पण यंत्र असो नसो, माणसाने समोर यायचं, ही रीत मी सोडू दिली नाही. शेजारच्या दोन घरांतही मी परात वाजवून आले. एका घरातल्या आजी दचकल्या आणि मला शिव्या दिल्या. दुसऱ्या घरातले काका दचकले नाहीत.

बाबा परत आल्यावर पाच-सहा महिन्यांनी, एका दुपारी आम्ही दोघंच ओट्यावर होतो. लेक शाळेत, नवरा ड्युटीवर. लाईट होती, तरी टीव्ही लावलेला नव्हता. बाबांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी वळले.

"पोरी, एक सांगशील? मना ऐकू येत नव्हता त्या वर्सात तुमी काय काय बोललांव? समदा सांग. माझा ऱ्हायलाय."

मला भरूनच आलं. म्हटलं, सांगते की, त्यात काय! पाय दुमडून बसले आणि सुरू झाले. लेकीचा दात पडला होता ते सांगितलं. गोदामात नवऱ्याचं एकाशी वाजलं होतं ते सांगितलं. माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरून मोडलं ते. बोंबलाचं कालवण तीनदा विचारलं होतं, तेही सांगितलं. मग मी आठवायला लागले. आणखी काय? चहा घेता का. पंखा वाढवू का. आवाज कमी कर, जाहिरात लागली, रिमोट कुठं आहे. त्या वर्षात आम्ही एका छपराखाली चौघं जण रोज संध्याकाळी तीन-तीन तास एकत्र बसलो होतो. ते सगळं सांगायला मला पाव तासही लागला नाही.

बाबा माझ्या ओठांकडे बघत वाट पाहत होते. ओठ हलायचे थांबले तसं त्यांनी विचारलं, "झाला?"

"झालं, बाबा."

"म्हंजे मी काय जास्त चुकवला न्हाय," ते म्हणाले आणि खो खो हसले.

मला हसता आलं नाही. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पाटावर नीट बसून घेतलं, माझ्यासमोर तोंड आणलं आणि म्हणाले, "बरा. ते ऱ्हाऊ दे. आज सकाळपासून काय काय झाला, ते सांग."

मी सकाळच्या दुधापासून सांगायला घेतलं. दूधवाला, त्याची गाय, त्याच्या गायीवरून त्याच्या बायकोचं भांडण, त्यावरून बाबांनी खाडीकाठच्या एका म्हशीची गोष्ट सांगितली, त्यावरून मी पडघ्याच्या बाजारातली. लेक शाळेतून आली आणि दप्तरासकट आमच्यात बसली. नवरा आला, तोही फोन फळीवर ठेवून ओट्यावर टेकला. अजून माझी सकाळच चालू होती. भाकऱ्या टाकायची वेळ कधीच टळून गेली, आणि त्या दिवशी आम्ही सगळे उशिरा जेवलो.